आमच्या हातचं चालत नाही का?

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की शनिवारी मी पत्रांना हात लावत नाही, आमचा शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की ‘मूल भाजी थुंकतं’, ‘मूल दुपारी झोपत नाही’ ही नेहमीची मंडळी या महिन्यापुरती बाजूला ठेवली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: जन्म अलिबागच्या इस्राएल आळीतला, संसार ठाण्याचा, ३१ वर्षं बालवाडीत. घरात मराठी, देवाशी हिब्रू, तीही मोडकीतोडकी. मी कुणी धर्मपंडित नाही. दोन-तीन वर्षांची पोरं आणि त्यांच्या आया, एवढाच माझा अभ्यास.

प्रश्न: माझी मुलगी तीन वर्षांची. समोरच्या फ्लॅटमध्ये तिच्याच वयाचा मुलगा आहे, ते लोक ज्यू आहेत. दोघं दिवसभर एकमेकांच्या घरात असतात. परवा लेकीचा वाढदिवस झाला. मी स्वतः खपून चिकन बिर्याणी आणि कस्टर्ड केलं. तो आला, नाचला, फुगे फोडले. जेवायच्या वेळी मात्र त्याच्या आईनं पिशवीतून डबा काढला आणि पोळी-बटाट्याची भाजी भरवली. मी आग्रह केला तर म्हणाली, “नको गं, आम्हाला नाही चालत.” रात्री सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्या हातचं चालत नाही.” आमच्या घराण्यानं हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकलंय, ताई. मला झोप लागली नाही. मुलीला आता तिकडे पाठवू की नको? (डोंबिवली)

उत्तर: तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यामागे काय आहे ते महाराष्ट्रात कुणी कुणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे ‘मनाला लावून घेऊ नका हो’ म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. आधी ताटात काय होतं ते बघू.

बिर्याणीतली कोंबडी बाजारातली. आमच्यात जनावर कापायची रीत ठरलेली आहे: ते काम शिकलेला माणूस, धार तपासलेली सुरी, आधी प्रार्थना. तसं कापलेलंच चालतं. त्यात तुम्ही ती दह्यात मुरवली असणार, चांगली बिर्याणी करणारी बाई मुरवतेच. आणि मांस आणि दूध एकत्र, हे तर मुळीच नाही. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीन वेळा आली आहे. म्हणून मटणाला दही नाही आणि मटण जेवल्यावर लगेच कस्टर्डही नाही. आमच्या कोकणातल्या बायकांनी यावर नारळाचा तोडगा काढला. आमचं मटण नारळाच्या रसात शिजतं, वर सोलकढी प्यायला कुणाची हरकत नसते. मासे खवल्यांचे आणि परांचे: सुरमई, रावस, पापलेट चालतात, कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाहीत. तेव्हा तुमची बिर्याणी माझ्या सख्ख्या बहिणीनं केली असती तरी त्या बाईनं डबाच काढला असता.

खात्री करून घ्यायची असेल तर एक करा. पोरगा पुढच्या वेळी आला की त्याच्या आईसमोर केळं सोलून तुमच्या हातानं त्याला द्या. त्यानं खाल्लं आणि ती बघत राहिली, तर अडचण पदार्थाची होती. तिनं केळंही नको म्हटलं तर मला परत लिहा. मग मी सासूबाईंच्या बाजूनं बोलेन.

हे मी एवढ्या ठासून लिहिते त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला आवडत नाही. आमच्यातही गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन भाग मानायचे. ज्यांची मूळ आई आपल्यातली नव्हती असं म्हणत, ते काळे. त्यांच्याशी रोटी नाही, बेटी नाही. माझ्या आजीच्या ओटीवर खुंटीला एक पितळी पेला टांगलेला असायचा, कान तुटलेला. एक बाई यायची अंडी घेऊन, तिला त्यातूनच पाणी. ती बाई आमच्याच प्रार्थनाघरात यायची, आमच्यासारखीच शेमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. एकदा तहान लागली म्हणून मी तोच पेला तोंडाला लावला. आजीनं तो असा हिसकला की काठ माझ्या दातावर आपटला. पेल्यात पाणी आमच्याच विहिरीचं होतं. तो काही खाण्यापिण्याचा नियम नव्हता. म्हणून सांगते, दोन्ही गोष्टी असतात आणि बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

चूक तुमच्या शेजारणीचीही आहे, हे मी तिलाही तोंडावर सांगेन. दोन दिवस आधी दार वाजवून ‘अगं, मेनू काय आहे? आमचं जरा असं असतं’ एवढं म्हणायला काय जात होतं? ‘आम्हाला नाही चालत’ हे वाक्य मराठीत फार जुनं आणि फार वाईट आहे. आमच्या बायका संकोचापोटी तेवढंच बोलून गप्प बसतात आणि समोरची रात्रभर जागी राहते. ‘दह्यातलं चिकन नाही चालत’ म्हटलं असतं तर तुम्ही काकडी चिरून दिली असती आणि विषय संपला असता.

पुढच्या वाढदिवसाला फळं, चुरमुऱ्याचा चिवडा, बटाटेवडे ठेवा. मांस ठेवूच नका म्हणजे आइस्क्रीमचाही प्रश्न येत नाही. जेली करणार असाल तर तिच्यात जिलेटिन कशाचं ते पाकिटावर बघा. काही घरं याहून कडक असतात, आपल्याच भांड्यातलं खातात. काही घरं तुमच्याकडे डाळभात जेवून झोपूनही जातील. हे घराघरावर असतं, म्हणून माझं लिहिलेलं दाखवण्यापेक्षा तिलाच विचारा.

आणि मुलीला पाठवा. बालवाडीत मी पाहिलेला प्रसंग सांगते. मे महिना तोंडावर, एका पोराच्या हातात आंब्याची कोय, पार पांढरी होईपर्यंत चोखलेली. शेजारची बघत होती. त्यानं तोंडातली कोय काढली, तिच्या तोंडात घातली, तिनं दोनदा चोखून परत त्याच्या तोंडात. दोघांच्या आया दारात उभ्या. एक चित्पावन, एक मोमीन. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य निघालं ते असं: “याला सर्दी आहे हो, सांगून ठेवते.”

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगा दोन वर्षांचा. पाळणाघर चालवणाऱ्या आंटी ज्यू आहेत. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक लांबट डबी आहे, तिला हात लावून तो बोटांची पापी घेतो. आता आमच्या घरीही आत शिरताना दारावरच्या बेलला हात लावून पापी घेतो. सासरे नाराज आहेत. थांबवू का? (वसई)

उत्तर: ती मझुझा. आत चर्मपत्राची गुंडाळी असते, हातानं लिहिलेली. तिच्यावर ‘हे इस्राएल, ऐक, परमेश्वर एकच आहे’ हा शेमा आणि त्यापुढचे उतारे. आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला लावतात, काही घरांत जराशी तिरकी. तुमच्या आंटींनी त्याला मुद्दाम शिकवलं नसणार. ती डबी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे, म्हणजे कुणीतरी त्याला रोज कडेवर उचलून घेतं आणि तेव्हा तो त्या घरातल्या पोरांसारखं करतो. त्याला धर्मापेक्षा ते उचललं जाणं आवडतं. सासऱ्यांना सांगा, दाराशी क्रूस असेल तर तुम्हीही नातवाला तिथे उचलून घ्या. बेल वाजायला लागली की डबी आपोआप विसरेल.

प्रश्न: मुलाच्या प्लेग्रुपमध्ये एक मुलगी आहे. आडनाव आपल्यासारखंच, शेवटी ‘कर’. आईच्या गळ्यात मंगळसूत्र, बोलणं आपलंच. आणि आजी म्हणाली, “उद्या हिला मशिदीत न्यायचंय.” आम्ही सगळ्या गोंधळलो. विचारायची लाज वाटते. (पनवेल)

उत्तर: लाज कसली, सरळ विचारायचं. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू असणार. आम्ही आमच्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतो. मुंबईची आमची सर्वांत जुनी मशीद, शाआर हारहमीम, १७९६ सालची. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आम्ही अभिमानानं सांगतो. ठाण्याची टेंभी नाक्याजवळची १८७९ सालची.

आमच्यात सांगतात की अलिबागेजवळ नवगावला जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, त्यांचे आम्ही वंशज. किती शतकांपूर्वी, यावर विद्वानांचं भांडण आहे, त्यात मी पडत नाही. गावोगाव पसरलो, घाणे घातले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. मंगळसूत्र आमच्यात आहे, लग्नाआधी मेंदी आहे. सणांची आमची जुनी नावंसुद्धा मराठी: वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’, आणि जेरुसलेमचं देऊळ पडलं त्या दुःखाचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्याला वालाचं बिरडं. असा शोक दुसरीकडे कुठे वालाच्या नावानं ओळखत असतील असं वाटत नाही.

तेव्हा त्या आईला मुलीच्या सणाबद्दल विचारा, डब्याबद्दल विचारा. दोन प्रश्न मात्र टाळा. एक, “तुम्ही तिकडे कधी जाणार?” १९४८ नंतर आमच्यातले बरेच इस्राएलला गेले, माझी दोन्ही मामेभावंडं गेली, जे राहिले ते राहायचं म्हणून राहिलेत. दुसरा, बातम्यांत इस्राएलचं काही आलं की ग्रुपवर सगळ्यांसमोर तिला ‘तुमचं यावर काय म्हणणं?’ पोराला शी-शूची सवय लावता लावता तिचा जीव मेटाकुटीला आलाय, ती कुठल्या सरकारची वकील नाही.

तुमच्या मुलाला कधी बोलावलं तर जा. २००८च्या नोव्हेंबरनंतर आमच्या मशिदींच्या दारात पोलीस असतो, ओळखपत्र जवळ ठेवा. माझी नात त्या पोलिसाला सलाम केल्याशिवाय आत येत नाही. तोही सलाम करतो. न केला तर ती तिथेच उभी राहते.

प्रश्न: ताई, मी आपल्यातलीच. मुलगी दोन वर्षांची. शुक्रवारी दिवे लावते, डोळ्यांवर हात घेऊन बेराखा (दिव्यांची प्रार्थना) म्हणते, डोळे उघडते तो दिवे विझलेले आणि ही टाळ्या वाजवत ‘हॅपी बड्डे’ म्हणतेय. शब्बाथ लागला म्हणजे परत पेटवता येत नाही. सलग तीन शुक्रवार झालं. चौथ्याला मी तिला फटका मारला आणि मग मीच रडले. (भायखळा)

उत्तर: मला हसू आलं, माफ कर. तिच्या दृष्टीनं तू दर आठवड्याला दिवा लावतेस, डोळे झाकतेस, म्हणजे तिला संधीच देतेस. मुलीला आज्ञा लागू होतात १२व्या वर्षी, तोवर तिचा गुन्हा काही नाही. तुझाही नाही, दिवे लावणं झालं ते झालं, बेराखा वाया जात नाही.

मेणबत्त्या बंद कर. आमच्या आजीकडे उंच काचेचा पेला होता. अर्धा पाण्यानं भरायचा, वर दोन बोटं खोबरेल, तारेच्या कडीत वात. ज्योत काठाच्या खाली राहते, दोन वर्षांच्या फुंकरीला पोचत नाही, आणि सांडलंच तर मेणासारखं चिकटत नाही. छताला कडी असेल तर टांग. दिवे लावायच्या आधी तिच्या हातानं दानाच्या डबीत नाणं टाकायला लाव, आवाज होईल असं. तिला काहीतरी काम हवंय.

आणि विझवायची हौस शनिवारी रात्री पुरी कर. शब्बाथ सरताना करायच्या हबदालाची पिळाची मेणबत्ती शेवटी विझवायचीच असते ना? तिचा हात हातात धर आणि काळ्या मनुकांच्या शरबतात बुडव. चर्र आवाज येतो. लवंग-दालचिनीचा वास घेऊन ती शिंकेल. आमच्या घरी माझ्या मुलानं अख्खा शब्बाथ त्या ‘चर्र’ची वाट बघत काढलेला आहे. फटक्याचं म्हणशील तर, मीही मारला आहे. तिच्या लक्षातही नाही, तुझ्या राहील.

प्रश्न: मी बेने इस्राएली, नवरा हिंदू. मुलगा तीन वर्षांचा. आठव्या दिवशी सुंता केली, नवऱ्यानं स्वतः मांडीवर धरला. बारसंही सासूबाईंनी थाटात केलं. परवा सासरच्या गणपतीसमोर हा हात जोडून म्हणाला, “शालोम बाप्पा.” सासरे खो खो हसले, सगळ्यांना फोन करून सांगितलं. माझ्या आईला सांगितलं तर ती रडली. पोराचा गोंधळ होतोय का? (पुणे)

उत्तर: पोराचा अजिबात नाही. तीन वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं की आत्याकडे पलंगावर उड्या मारता येतात आणि काकांकडे नाही. त्यानं बाप्पाला तुमच्या घरातला सगळ्यात गोड शब्द दिला, कारण शुक्रवारी दारात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तोच देता.

गोंधळ मोठ्यांचा आहे आणि तो खरा आहे. आईच्या रडण्याला उगाच जुनाट म्हणू नका. आमच्या शास्त्रात यहुदी आईचं मूल यहुदी, म्हणजे तिच्या लेखी हा नातू तिचाच. आणि मूर्तीपुढे हात जोडायला आमच्यात सगळ्यात मोठी मनाई. आमची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, ठाण्याच्या मशिदीत शनिवारी सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले का हे अजूनही मान उंचावून मोजावं लागतं. तिला त्या एका ‘बाप्पा’त एक माणूस कमी झालेला दिसतो. सासऱ्यांना मात्र त्यात एक माणूस वाढलेला दिसला. दोघांचं प्रेमच आहे, आणि तरी दोघांचं एकाच वेळी खरं होणार नाही.

तेव्हा तुम्ही आणि नवऱ्यानं बसून ठरवा, आणि शाळेचा अर्ज हातात यायच्या आधी ठरवा. त्या अर्जात धर्माचा एकच रकाना असतो, मी ३१ वर्षं ते भरून घेतले आहेत. टेबलाशी उभं राहून भांडणारी जोडपी पाहिली आहेत आणि रकाना कोरा ठेवून एकमेकांचा हात धरून जाणारीही. काय ठरवायचं ते मी सांगणार नाही. पण ठरलं की दोन्ही घरी एकाच दिवशी सांगा. एका घराला फोनवरून कळलं की पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागतं.

एक वाट माझ्या शेजारणीनं काढलेली. मी मूर्तीपुढचा प्रसाद घेत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी तिनं मोदक आणले, मी कानकोंडी झाले, शेवटी खरं ते सांगून टाकलं. ती एक मिनिट गप्प बसली. दुसऱ्या वर्षीपासून नैवेद्याच्या ताटात न ठेवलेले दोन मोदक आधीच झाकून बाजूला काढते. पण देते नैवेद्य झाल्यावरच, कारण त्याआधी घरातलं कुणी खात नाही, मग मी कोण लागून गेले! ३० वर्षं मी तिच्या हातचे मोदक खातेय. एकदा उकड चिरली होती, तेही सांगितलं आहे.

प्रश्न: तुमच्या लेखात मलिद्याचा उल्लेख होता. लहान मुलांना देता येईल का? कृती द्या. (नाशिक)

उत्तर: मलिदा आम्ही एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं करतो. मूल झालं, नवस फेडायचा असला, परीक्षा पास झालं, की ताट मांडायचं, सोबत फळं, वर प्रार्थना. मग आलं-गेलं सगळ्यांना वाटायचा. आलेल्यानं कोण-कुठला सांगावं लागत नाही.

पातळ नाही, जाडे पोहे घ्या. चाळणीत धुऊन निथळत ठेवा, बोटानं दाबले की चिरडतील इतपतच भिजवा. पोह्यांच्या निम्मं ओलं खोबरं, गोडाला साखर किंवा किसलेला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. हातानं हलकं कालवा. मोठ्यांच्या ताटात बदाम-पिस्ते अख्खे पेरतात, चार वर्षांखालच्यांना तसे कधीही देऊ नका, घशात अडकतात. कुटून पूड करून घाला. खजूर बी काढून बारीक चिरा. दूध लागत नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतरही चालतो. केला की तासाभरात संपवा, खोबरं टिकत नाही. आणि मुलांना वाटीत द्या, ताटलीत दिलात तर अर्धा गालिच्यावर जाईल.